निशाण दिसलं होतं का

बोर्डवाल्याला फुटबॉल आवडत नव्हता. अर्धं आयुष्य मैदानावर काढलेल्या माणसाबद्दल हे सांगितलं की लोक हसतात. पण त्यात नवल ते काय? मिठाईवाला कुठे ताटं भरभरून मिठाई खातो? खेळ त्याला नुसता आवडत नव्हता. खेळ बघणाऱ्यांचा मात्र मनापासून तिटकारा होता. एरवी बँकेच्या रांगेत मुकाट उभा राहणारा, साहेबापुढे मान खाली घालणारा, घरी बायकोनं विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस अंगात रंगीत जर्सी चढवली की पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, हे तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. ऐकतच आला होता, बघत नव्हे, कारण त्याची जागा बोर्डाच्या मागे होती.

मैदानाच्या एका टोकाला पत्र्याचा उंच बोर्ड होता. पुढच्या बाजूला दोन संघांची नावं आणि नावांखाली खिळे. त्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे लटकवायचे. मागच्या बाजूला उभ्या कपाटाएवढी खोली. तिच्यात एक लोखंडी शिडी, एक स्टूल, आकड्यांची चवड आणि पत्रा तापला की सुटणारा गंजाचा वास. आकडा लावायचा तर शिडी चढून झडप उघडायची आणि हात बाहेर काढायचा. बाहेर बघायला एकच भोक होतं आणि त्यातूनही खेळ दिसत नसे. दिसे ते रेषेबाहेरचं गुणलेखकाचं टेबल, आणि टेबलाशेजारी दोन निशाणं घेऊन उभा असलेला माणूस. तो निशाणवाला. पंचानं गोल दिला, गुणलेखकानं लिहिला, की हा हात उंच करी. गोल लालांचा असेल तर लाल निशाण, निळ्यांचा असेल तर निळं. निशाण दिसल्याशिवाय आकडा लावायचा नाही, हा क्लबचा नियम. बाकीचे नियम दर वर्षी बदलत, हा तेवढा टिकून होता.

शहराच्या मधून नदी जाते. अलीकडचे लाल, पलीकडचे निळे, मधे पूल. दोन्हीकडची माणसं एकाच बाजारात भाजी घेतात आणि एकाच इस्पितळात मरतात, पण रविवारी एकमेकांच्या जिवावर उठतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढीच यांची अक्कल. बोर्डवाला आणि निशाणवाला दोघेही अलीकडचे, एकाच गल्लीत समोरासमोर राहणारे. सामन्याला दोघं बरोबर जात आणि बरोबर परत येत.

प्रत्येक धंद्यात एक चोरवाट असते, तशी बोर्डवाल्याचीही होती. वर्षं गेली तसा त्याचा कान तयार झाला. गोल झाला की ओरडणं पोटातून येतं, हुकला की घशातून. लालांचा आवाज डावीकडून, निळ्यांचा उजवीकडून. मग निशाणाची वाट कशाला बघायची? आवाज उठला की याचा हात झडपेबाहेर. एकदाही चुकला नाही, आणि कधीच न चुकणारा माणूस किती माजतो ते आपण जाणतोच. गोल होतो न होतो तोच आकडा लागतो, याचं शहरात कौतुक होतं. दुसरं कसलंच कौतुक वाट्याला न आल्यामुळे त्यानं हे जिवापाड जपलं होतं.

निशाणवाला घरी परतताना सायकल ढकलत म्हणे, “अरे, माझा हात खांद्यापर्यंत येतो तोवर तुझा आकडा लागलेला असतो. मग मी तिथं काय माश्या मारायला उभा राहतो?”

“मार की,” बोर्डवाला म्हणे. “पगार मिळतोय ना?”

त्याची एकुलती एक लेक पुलापलीकडे दिलेली. जावई फरशीच्या दुकानात कामाला होता. तोंडाचा गोड, अंगाचा आडदांड, आणि निळ्यांच्या टोळक्याचा म्होरक्या. सासऱ्याचं त्याच्याशी कधी जमलं नाही. मोठ्या सामन्याच्या आदल्या रविवारी लेक-जावई जेवायला आले होते. हात धुता धुता जावई म्हणाला, “बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही आतून कडी लावून बसा. जिंको नाहीतर हरो, या वेळी कुंपण उभं राहत नाही. दुकानातला फुटका माल पोत्यांत भरून ठेवलाय आम्ही.”

“टॉवेल खिळ्याला आहे,” बोर्डवाला म्हणाला. भुंकणारं कुत्रं चावत नाही, असं त्याला वाटलं.

हे चावणारं निघालं. पोती आत गेली कशी हे विचारू नका. गेटावर म्हाताऱ्या माणसांच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतात आणि पोती आत जातात, अशी आपली तपासणी.

सामना एक-एक असा बरोबरीत होता आणि संपत आला होता. निळ्यांच्या एका गड्यानं चेंडू मारला. तो खांबाच्या बाहेरून गेला आणि जाळीला बाजूनं लागला. जाळी हलली. निळ्यांच्या स्टँडातून बघणाऱ्याला चेंडू आतच गेलेला दिसणार. सगळे निळे उठले आणि पोटातून ओरडले, अगदी गोलाचं ओरडणं. बोर्डाची झडप उघडली आणि निळ्यांच्या नावाखाली दोनचा आकडा लागला.

ज्यांना शंका होती तेही बोर्ड बघून नाचायला लागले. इकडे पंच मान हलवत होता आणि गोलकीपर निवांत चेंडू आणायला चालला होता. बोर्डवाल्यानं भोकाला डोळा लावला तर निशाणवाल्यानं दोन्ही निशाणं खाली टाकली होती आणि तो रिकामे हात आडवे हलवत होता. नाही, नाही, काढ.  बोर्डवाल्यानं दोन काढला आणि परत एक लावला.

सगळ्या मैदानाच्या देखत निळ्यांचा गोल बोर्डावरून उतरला. “चोरला, चोरला” असा ओरडा झाला, मग तारा तुटल्याचा आवाज आला, मग पत्र्यावर फरशीचे तुकडे बसायला लागले. बोर्डवाला दोन्ही कानांवर हात ठेवून स्टुलाखाली बसून राहिला. पोलिसांनी दार वाजवलं तेव्हा तो बाहेर आला. निशाणवाला अर्ध्या वाटेत पडला होता. बोर्डाकडेच धावत निघाला होता म्हणतात. कानशिलावर तुकडा लागला होता. कोणीतरी त्याचा चेहरा लाल निशाणानं झाकला होता.

त्या संध्याकाळी दोन्ही काठांवर जाळपोळ झाली. लालांनी निळ्यांची दुकानं फोडली, निळ्यांनी लालांच्या बसगाड्या पेटवल्या, आणि दोघांनी मिळून इस्पितळाच्या काचा फोडल्या. इस्पितळानं कुणाचा गोल अडवला होता? पण हा प्रश्न विचारणारा माणूस त्या दिवशी घरात खाटेखाली होता. फोडणारे काही गुंडपुंड नव्हते. औषधाच्या दुकानाचा मालक होता, पोस्टातले दोन कारकून होते, शाळेतले चित्रकलेचे मास्तर होते. वर्षभर ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांना एक दिवस सगळं शहर भिऊन असतं, हीच त्यातली खरी मजा. खेळ हे निमित्त.

मग मेलेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी निशाणवाल्याच्या नमस्काराला मान न हलवणारा औषधवाला त्याच्या नावानं सभा घ्यायला लागला. मास्तरांनी गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र काढलं, हातात लाल निशाण, खाली ‘आमचा वीर’. क्लबच्या सेक्रेटरींनी त्याच्या बायकोला तिकीटखिडकीवर नोकरी देऊ केली. ही वहिनी दोन माणसांच्या पोळ्या भाजणारी, शांत बाई. तिनं ना हो म्हटलं ना नाही. बोर्डवाला भेटायला गेला तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तो पाणी पिऊन उठून आला.

जावयाला पकडलं, कट रचल्याच्या आरोपावरून. लेक आईबापांकडे आली ती डोळे कोरडे करूनच. तिच्याबरोबर वकील होता, आणि वकिलानं सगळं सरळ मांडलं. हल्ला आधीपासून ठरवलेला असेल तर जावई म्हातारा होऊनच बाहेर येणार. बोर्डावर आकडा लागून उतरल्यामुळे लोक भडकले असतील तर तो सुटेल. पण क्लबनं जाहीर केलं होतं की असा आकडा लागलाच नाही, निळ्यांना भास झाला. एवढ्या मोठ्या स्टँडाला एकाच वेळी एकच भास. आणि साक्ष देणारे सगळे एकतर लाल नाहीतर निळे.

“तुम्ही आकडा लावला होता एवढं सांगितलंत की आपलं काम झालं,” वकील म्हणाला. “कशावरून लावला याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. कानानं लावला म्हणालात तरी चालेल. फक्त मग नियम मोडला म्हणून तुमच्यावर खटला होईल. नोकरी तर जाईलच.”

“आणि निशाण बघून लावला म्हणालो तर?”

“तर तुम्ही हुकमाचे ताबेदार,” वकील म्हणाला आणि त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

तो गेल्यावर लेक म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये. जे खरं आहे ते सांगा.”

“जेवायला आला तेव्हा तुझा नवरा काय म्हणाला, तेही खरंच आहे. तेही सांगू?”

लेकीनं आईकडे बघितलं. “मी तेव्हा आत भांडी घासत होते. मी काही ऐकलं नाही.”

“मीही नाही ऐकलं,” बायको म्हणाली. “आणि तुमचे कान आता म्हातारे झालेत.”

बोर्डवाल्याला हसू आलं नाही. जावयाला आत सडू द्यावं असं त्याला फार वाटत होतं. निशाणवाल्याच्या कानशिलाला लागलेला तुकडा कुठल्या दुकानातला, हे त्याला सांगायला पोलीस नको होते. पण जावई आत गेला तर लेक काय तोंडानं जगणार, आणि बापाचं तोंड पुन्हा बघणार का? रात्रभर नुसती कूस बदलून झाल्यावर त्यानं ठरवलं: पोत्यांचं बोलायचं नाही, पण कानाचं सांगून टाकायचं. एक खोटं लेकीसाठी, एक खरं मित्रासाठी. नोकरी गेली तर गेली. असा हिशेब जमल्यावर त्याला बरंच वाटलं, सकाळी दाढीसुद्धा नीट झाली.

कोर्टाच्या खोलीत दोन्हीकडचे लोक अंग चोरून बसले होते. जर्सी नसली की काय सभ्य दिसतात. मागच्या बाकावर वहिनी एकटीच होती. जावयाच्या वकिलानं विचारलं, यानं सांगितलं: हो, निळ्यांच्या नावाखाली दोन लावला आणि मग काढला. निळ्यांच्या बाजूला सुस्कारे सुटले. मग सरकारी वकील उठला. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

“तुमचे जावई या हल्ल्याबद्दल तुमच्याशी आधी काही बोलले होते?”

“नाही.”

“बरं. गोल झालाच नव्हता, तरी तुम्ही आकडा लावलात म्हणता. नियम काय आहे?”

“निशाण दिसल्याशिवाय लावायचा नाही.”

“म्हणजे एकतर तुम्ही आत्ता जावयासाठी खोटं बोलताय, नाहीतर तुम्ही त्या दिवशी नियम मोडलात आणि तुमचा इतक्या वर्षांचा सोबती तुमच्यामुळे मेला. निशाण दिसलं होतं का?”

उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं, पाठ केलेलं होतं. पण तुमच्यामुळे मेला, हे शब्द त्यानं आजवर स्वतःशीही उच्चारले नव्हते, आणि आता ते भर कोर्टात दुसऱ्याच्या तोंडून आले. त्याला पिंजऱ्यातला जावई दिसला, आणि स्वतः तिथं बसलेला दिसला. न चुकणारा माणूस म्हणून ज्याला शहर ओळखत होतं, त्याची उद्या काय शोभा होईल तेही दिसलं.

“हो,” तो म्हणाला. “निळं निशाण दिसलं होतं.”

मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

जावई सुटला. पुलापलीकडे बोर्डवाल्याचा जयजयकार झाला. खरं बोलणारा एकमेव लाल म्हणून. अलीकडचे त्याला फाडून खातील असं बायकोला वाटलं होतं, पण त्यांना त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं. त्यांना निशाणवाला सापडला होता. निळं निशाण त्यानं उगाच दाखवलं असेल का? विकला गेला असणार. म्हणून तर बोर्डाच्या बाजूला धावत होता, पळून जायला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात या गल्लीचा हात कोणी धरणार नाही, आणि संन्यासी मेलेला असेल तर कामच सोपं. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी स्वतः काढलेलं चित्र स्वतःच खरवडलं. ज्या तोंडानं सभा घेतल्या त्याच तोंडानं औषधवाला म्हणाला, मला आधीपासून संशय होता. तिकीटखिडकीवरची नोकरी सेक्रेटरींनी परस्पर दुसऱ्या कोणाला दिली. संध्याकाळपर्यंत वहिनीच्या दारावर चुन्यानं ‘फितूर’ लिहिलेलं होतं.

बोर्डवाल्यानं ते आपल्या खिडकीतून बघितलं. घरात जावई आला होता, बायको त्याच्यासाठी ताट वाढत होती, लेक कितीतरी दिवसांनी हसत होती. तो चपला घालून समोर गेला. दाराबाहेर औषधवाला, मास्तर आणि पोस्टातला एक कारकून उभे होते, मास्तरांच्या हातात चुन्याचा डबा. त्यांनी त्याला आदरानं वाट करून दिली.

वहिनीनं दार उघडलं. तो उंबऱ्यापाशीच उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “वहिनी, निशाण उठलंच नव्हतं.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

त्यानं मान वर केली.

“घरी येऊन दर वेळी सांगायचे ते. हा माझ्या आधी लावतो, एक दिवस बुडवणार आहे. मी म्हणायचे, मग साहेबांच्या कानावर घाला. तर म्हणायचे, नको, त्याची नोकरी जाईल.” तिचा आवाज जराही चढला नाही. “कोर्टात तुम्ही खरं सांगाल म्हणून मी आले होते, भाऊजी. मला कोणाला फाशी द्यायची नव्हती. यांचं नाव तेवढं राहू द्यायचं होतं.”

“माझ्या लेकीचा संसार होता, वहिनी.”

“तुमच्या लेकीचा संसार आकडा लावला म्हणालात तेव्हाच वाचला होता. मीही तिथं बसले होते, मला कळतं.” मग ती त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाली, “आणि मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. त्यांना सांगा. अहो, ऐका जरा. भाऊजींना तुम्हाला काही सांगायचंय.”

तिघे पुढे सरकले. औषधवाल्यानं विचारलं, “काय हो काका?”

बोर्डवाला वळला. तिघांचे चेहरे ओळखीचे होते. यांच्याकडून त्यानं खोकल्याचं औषध घेतलं होतं, पोस्टाची तिकिटं घेतली होती, लेकीला चित्रकला शिकवली होती याच मास्तरांनी. एक वाक्य बोलायचं होतं. ना कोर्ट होतं, ना सरकारी वकील, ना पोलीस. जावई सुटला होता, त्याला कोणी परत नेणार नव्हतं.

“काही नाही,” तो म्हणाला. “बाईमाणूस एकटी राहते इथं. हे दारावरचं जरा पुसून टाका.”

“पुसू की, तुम्ही म्हणताय तर,” औषधवाला म्हणाला. “पण निशाण त्यानंच दाखवलं होतं ना?”

वहिनी दारात उभी होती. 

“हो,” बोर्डवाला म्हणाला.

तिनं दार लावून घेतलं. मास्तरांनी डबा उचलला, पण पुसलं कोणीच नाही. कोर्टातलं हो त्याला लेकीच्या नावावर खपवता आलं असतं, बायकोनं आणि लेकीनं तसं खपवलंही असतं. हे दुसरं हो कोणाच्या नावावर खपवायचं हे त्याला गल्ली ओलांडेपर्यंत सुचलं नाही, आणि पुढेही कधी सुचलं नाही. घरात शिरला तर जावई वाढलेल्या ताटावर हात न लावता बसला होता.

“या बाबा,” तो म्हणाला. “तुमच्यासाठीच थांबलोय.”